आधी नक्कल, मग डागडुजी

संगणक सुरू केला, कंपनीचं चिन्ह झळकून गेलं आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उभी राहिली. 'बिझीबॉक्स' असं एक नाव, खाली कंसात 'इनिटरॅमएफएस' आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. वरच्या ओळींत निरोप असा, की मूळ पार्टिशनमध्ये अनपेक्षित विसंगती सापडली आहे, 'एफएससीके' स्वतः चालवा. घरी उबुंटू, मिंट किंवा डेबियन वापरणाऱ्यांच्या वाट्याला हा पडदा केव्हातरी येऊ शकतो. वळवाच्या पावसात वीज चार वेळा गेली-आली, की अंमळ लवकर.

पडदा घाबरवणारा असला तरी त्यात थोडी चांगली बातमीही आहे. कर्नल सुरू झाला आहे, म्हणजे बूटलोडरपर्यंतची साखळी शाबूत आहे. कर्नलसोबत मेमरीत एक छोटी, तात्पुरती फाइल सिस्टीम उतरते. तिचं काम एवढंच, की डिस्कवरचं खरं पार्टिशन शोधून माउंट करायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं. ते जमलं नाही म्हणून तिने एक जुजबी टर्मिनल पुढे केलं आहे. त्यातला बिझीबॉक्स हा हत्यारांचा संच ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये डेबियनच्या फ्लॉपीसाठी बांधला होता. एका फ्लॉपीत मावेल एवढ्या जागेत अख्खा बचावसंच बसवायचा, हा त्याचा हेतू. फ्लॉपी गेली, संच राहिला.

इथे पुष्कळ लोक फोनवर शोधाशोध करतात आणि 'एफएससीके'ला 'वाय' जोडून चालवून मोकळे होतात. 'वाय' म्हणजे प्रोग्रॅम जे जे विचारील त्या सगळ्याला आधीच दिलेला होकार. पुष्कळदा हे निभावतंही. पण ज्या दिवशी निभावत नाही, त्या दिवशी परतीची वाट उरत नाही. कारण या प्रोग्रॅमला आपल्या फाइलींची काळजी नसते. फाइल सिस्टीमचा हिशेब जुळला पाहिजे, एवढंच त्याला ठाऊक असतं. हिशेब जुळवण्यासाठी एखादी फाइल पुसावी लागली, तर तो ती पुसतो.

त्याचा जन्मच त्या गरजेतून झाला. सत्तरच्या दशकात युनिक्सची यंत्रं अधूनमधून कोलमडत आणि मग डिस्कवरच्या नोंदी जुळवायचं काम जाणकार माणसाला वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रॅमांच्या मदतीने, बरंचसं हातानेच करावं लागे. बेल लॅब्जमधल्या टी. जे. कोवाल्स्की यांनी हे सगळं एका प्रोग्रॅममध्ये आणलं. पुढे बर्कलीत मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी त्यांच्या नव्या, वेगवान फाइल सिस्टीमसाठी तो सुधारला. यंत्र लवकरात लवकर, सुरक्षितपणे पुन्हा चालू व्हावं, हा उद्देश. त्या काळच्या संगणकघरांत टेपवर नियमित बॅकअप होत असे. घरच्या संगणकाचं तसं नसतं, आणि फरक नेमका तिथेच पडतो.

लिनक्सच्या घरगुती यंत्रांवर आजही सर्वाधिक भेटणारी फाइल सिस्टीम म्हणजे ईएक्सटी-४. तिची मांडणी समजली, की दुरुस्तीतले प्रश्न अरबी-फारसी वाटत नाहीत. पार्टिशनचे ४ केबीचे ब्लॉक पाडलेले असतात; ३२,७६८ ब्लॉकांचा, म्हणजे १२८ एमबीचा एक गट. प्रत्येक फाइलची एक क्रमांकित नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. फाइल किती मोठी, कोणाच्या मालकीची, कोणकोणत्या ब्लॉकांत पसरली आहे, हे सगळं आयनोडमध्ये. एक गोष्ट मात्र त्यात नसते, ती म्हणजे फाइलचं नाव. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी म्हणजे तरी काय, 'हे नाव, हा आयनोड' अशा जोड्यांची यादी. आयनोड क्रमांक २ म्हणजे सगळ्या झाडाचं मूळ. आणि सगळ्यांच्या वर सुपरब्लॉक: एकूण ब्लॉक किती, गट किती, फाइल सिस्टीम नीट बंद झाली होती की नाही, याची नोंद. तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून १,०२४ बाइट सोडून बसलेला असतो.

ईएक्सटीसाठीचा एफएससीके, म्हणजे तपासनीस, पाच फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत आयनोड आणि त्यांचे ब्लॉक, दुसरीत डिरेक्टऱ्यांची अंतर्गत मांडणी, तिसरीत प्रत्येक डिरेक्टरी मुळाशी जोडलेली आहे का, चौथीत एकेका फाइलला किती नावं आहेत त्याचा मेळ, आणि पाचवीत मोकळ्या-भरलेल्या जागेचा ताळा. यातली पहिली फेरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत वेळखाऊ. समजा, दोन आयनोड एकाच ब्लॉकवर हक्क सांगत आहेत. तपासनिसाला ब्लॉकातला मजकूर वाचता येत नाही. तो लग्नाच्या फोटोचा तुकडा आहे की वीजबिलाच्या पीडीएफचा, हे त्याला कळणार कसं? मग तो त्या ब्लॉकाची प्रत काढतो आणि दोघांना एकेक देऊन टाकतो. हिशेब चोख जुळला. पण दोनांपैकी निदान एका फाइलच्या पोटात आता भलताच मजकूर आहे, आणि संगणक म्हणतो, सगळं ठीक.

डिस्कच आजारी असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. एखादा ब्लॉक वाचता आला नाही, की तपासनीस दोन प्रश्न विचारतो: चूक दुर्लक्षू का, आणि तो ब्लॉक बळेच पुन्हा लिहू का? 'वाय' लावलेलं असेल तर दोन्हींना होकार गेलेला असतो. तासाभराने पुन्हा वाचता आला असता असा ब्लॉक त्या क्षणी कायमचा जातो.

मग जर्नल कशाला असतं, असा प्रश्न इथे कोणीही विचारील. ईएक्सटी-२ ही १९९३ मध्ये आलेली, फ्रान्समधल्या रेमी कार्ड आणि सहकाऱ्यांची फाइल सिस्टीम. वीज गेली, की पुढच्या सुरुवातीला अख्खी डिस्क तपासावी लागे. डिस्का मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासांवर गेली. स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी-३ मध्ये त्यावर तोड काढली. दुकानदार व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत चढवतो, तसे बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे आणि मग मूळ जागी. मध्येच वीज गेली तर जर्नल वाचून अर्धवट काम पुरं करायचं. पूर्ण न टिपलेली नोंद सोडून द्यायची. काम काही सेकंदांचं.

ईएक्सटी-३ अधिकृत कर्नलमध्ये आली ती नोव्हेंबर २००१ मध्ये, २.४.१५ या आवृत्तीत. नशिबाचा भाग असा, की याच आवृत्तीत एक वेगळाच दोष शिरला होता: पार्टिशन अनमाउंट करताना फाइल सिस्टीम बिघडायची. काही दिवसांतच २.४.१६ काढावी लागली.

जर्नलची खरी मर्यादा वेगळी आहे. ईएक्सटी-३ आणि ४ मध्ये नेहमीच्या मांडणीत जर्नलमध्ये जातात ते फक्त नोंदींमधले बदल. फाइलीतला मजकूर जात नाही. २००९ च्या सुरुवातीला ईएक्सटी-४ नवीनच असताना उबुंटूची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांना याचा चटका बसला. संगणक अचानक बंद पडल्यावर त्यांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली जागेवर होत्या, नावं शाबूत, आकार मात्र शून्य. ईएक्सटी-४ वेग वाढवण्यासाठी मजकुराला डिस्कवर जागा देणं काही काळ लांबवते. नोंद आधी पोचली, मजकूर मेमरीतच राहिला. देखभालकर्ते थिओडोर त्सो यांचं म्हणणं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मजकूर डिस्कवर पोचवण्याची स्पष्ट आज्ञा द्यायला हवी. वापरणाऱ्यांचं म्हणणं, आधी चालत होतं ते आता का चालत नाही? तात्त्विकदृष्ट्या त्सो बरोबर होते. तरी शेवटी कर्नलच नमला: फाइल नव्याने लिहून जुन्या नावावर ठेवण्याची लोकांची सवय ओळखून मजकूर आधी उतरवण्याची सोय करण्यात आली. हे शहाणपणाचं झालं, कारण जगातले सगळे प्रोग्रॅम सुधारण्यापेक्षा एक फाइल सिस्टीम सुधारणं सोपं.

आता काळ्या पडद्याकडे परत. संगणक बंद करायचा आणि दुसऱ्या यंत्रावर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह तयार करायचा. उबुंटू किंवा मिंटचा इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्हही चालतो. 'सिस्टीमरेस्क्यू' तर याच कामासाठी बनवलेलं आहे. त्यावरून संगणक सुरू केला, की आजारी डिस्क नुसती जोडलेली असते, वापरात नसते. हे आवश्यकच. माउंट असलेल्या पार्टिशनवर तपासनीस चालवू गेलं, तर तो मोठ्या अक्षरांत, चांदण्या लावून, गंभीर नुकसान होईल असं बजावतो. त्याच्या साऱ्या इशाऱ्यांत हा सर्वांत कळकळीचा आहे, आणि खराही.

बिघाड नेमका कुणाचा, हे पहिलं काम. फाइल सिस्टीम बिचारी पुष्कळदा नुसती निरोप्या असते. कर्नलच्या नोंदी पाहिल्या, की फरक कळतो. नुसत्या 'ईएक्सटी-४ एरर' अशा ओळी असतील तर फाइल सिस्टीमच्या नोंदी बिघडल्या आहेत, डिस्क कदाचित धडधाकट असेल. त्यांच्या आगेमागे 'आय-ओ एरर' असेल तर डिस्क किंवा केबल. मग 'स्मार्टसीटीएल' चालवून डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद पाहायची. तिथले चार आकडे कामाचे: क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने टांगणीला लागलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे डिस्क व मदरबोर्ड यांच्या दळणवळणातल्या चुका. पहिले तीन शून्य आणि १९९ चा आकडा फुगत असेल, तर शंभर-दोनशे रुपयांची साटा केबल बदलून पाहावी. तसं न करता डिस्क फॉरमॅट करत बसणं म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

या आकड्यांवर किती विसंबायचं, याचं उत्तर गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये दिलं. आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते. आणि याच अभ्यासाची दुसरी बाजू: मेलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणजे आकडा वाईट असेल तर विश्वास ठेवावा, चांगला असेल तर ठेवू नये. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र कोणताच प्रोग्रॅम चालवू नये. वीज तोडावी आणि माहिती मोलाची असेल तर डिस्क उघडून काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे ती द्यावी.

डिस्क निर्दोष, केबल निर्दोष, तरी फाइल सिस्टीम पुन्हा पुन्हा बिघडते आहे? मग रॅमवर संशय. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवावं. एसएसडीचाही भरवसा धरू नये. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम अध्येमध्ये तोडून पाहिली. १३ जणींनी काही ना काही अनपेक्षित वर्तन केलं, कुणी लिहिलेला मजकूर हरवला, कुणी अर्धवट लिहिला. कर्नल स्वतः गुन्हेगार असणं दुर्मीळ, पण अशक्य नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी-४ वरचा मजकूर बिघडवणारा दोष सापडला, डेबियनने १२.३ ही आवृत्ती ऐन वेळी थांबवली आणि १० तारखेला थेट १२.४ काढली.

निदान काहीही निघो, पुढची पायरी तीच. नक्कल.

त्यासाठी आजारी डिस्कपेक्षा मोठी एक मोकळी डिस्क लागते, आणि 'डीडीरेस्क्यू' हा जीएनयूचा प्रोग्रॅम, अंतोनियो दियाज दियाज यांचा. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम खराब सेक्टरपाशी अडून बसतो. हा तसं करत नाही. आधी सोपं सोपं सगळं उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे सरकतो, आणि शेवटी त्या जागांकडे परतून कडेकडेने खरवडत जातो. काय मिळालं, काय राहिलं, याचा नकाशा तो एका वेगळ्या फाइलीत ठेवतो. मध्येच थांबवलं तरी नंतर तिथूनच पुढे सुरू करता येतं. १ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने पावणेतीन तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. लागू द्यावेत. एक खबरदारी मात्र जिवावरची: कुठून कुठे, हे दोनदा तपासावं. 'एसडीए' आणि 'एसडीबी' ही नावं लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर बदलू शकतात. डिस्कचा आकार आणि मॉडेल पाहून खात्री करावी, कारण दिशा उलटली तर कोऱ्या डिस्कची नक्कल फोटोंच्या डिस्कवर चढते आणि त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मूळ डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' माउंट करून पाहायला काय हरकत, असं वाटतं. हरकत आहे. ईएक्सटी-४ तशा माउंटमध्येही जर्नलमधली अर्धवट कामं पुरी करते, म्हणजे डिस्कवर लिहिते. ते टाळायला 'नोलोड' हा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

नकलेवर मात्र हात मोकळा. तिथे तपासनीस आधी 'एन' लावून चालवावा. तो प्रत्येक प्रश्नाला स्वतःच नकार देतो आणि नुसती यादी वाचून दाखवतो. दहा-वीस तक्रारी असतील तर 'वाय' बिनधास्त द्यावं. यादी पडदे भरभरून वाहू लागली, तर समजावं, की दुखणं मुळाशी आहे. सुपरब्लॉकच वाचता येत नसेल तरी धीर सोडायचं कारण नाही. त्याच्या प्रती क्रमांक १ च्या गटात आणि ज्या गटांचे क्रमांक ३, ५ किंवा ७ चे घात आहेत त्यांत ठेवलेल्या असतात. म्हणून ३२,७६८, ९८,३०४, १,६३,८४० हे ब्लॉक जाणकारांना तोंडपाठ असतात. यांपैकी एखादा आकडा 'बी' पर्यायाने दिला, की तपासनीस त्या प्रतीवरून काम सुरू करतो. प्रती कुठे आहेत ते शोधायला फॉरमॅटच्या प्रोग्रॅमला 'एन' लावून नुसतं विचारावं असा सल्ला ठिकठिकाणी दिलेला असतो. सल्ला बरोबर आहे. पण तो 'एन' टंकायचा राहिला तर डिस्क खरोखरच फॉरमॅट होते, तेव्हा हा प्रयोगसुद्धा नकलेवरच.

दुरुस्ती संपल्यावर 'लॉस्ट-फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत डोकवावं. तिची जागा फॉरमॅट करतानाच राखून ठेवलेली असते, बिघडलेल्या डिस्कवर ऐन वेळी नवी जागा शोधायला लागू नये म्हणून. ज्यांचे आयनोड वाचले पण नावं गेली अशा फाइली इथे हॅशचिन्ह आणि आयनोडचा क्रमांक लावून पडलेल्या असतात. 'फाइल' ही आज्ञा सुरुवातीचे बाइट वाचून कोणती वस्तू कसली ते सांगते. एखादी संपूर्ण डिरेक्टरी इथे आली असेल तर नशीबच, कारण तिच्या आतली नावं शाबूत असतात.

आयनोडही गेले असतील तर उरतो फोटोरेक, क्रिस्तॉफ ग्रेनिए यांचा. तो फाइल सिस्टीमकडे ढुंकूनही पाहत नाही. ब्लॉकांमागून ब्लॉक वाचत ओळखीच्या खुणा शोधतो. जेपेग फोटो नेहमी एफएफ-डी८-एफएफ या बाइटांनी सुरू होतो, त्यावरून फोटो उचलतो. नावं, तारखा, फोल्डर यांतलं काही परत येत नाही. हजारो फोटो ओळीने येतात, त्यांत ब्राउझरने साठवलेली जाहिरातींची चित्रंही असतात, आणि निवडण्यात सुट्ट्या जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र एक जास्तीचा उपाय आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि त्यांतले पहिले दोन नेहमी ई०-ए४ किंवा ई०-ए५ असतात. इंग्रजी कचऱ्याने भरलेल्या डिस्कमध्ये हा ठसा लगेच उठून दिसतो. हरवलेल्या लेखातला एखादा खास शब्द 'ग्रेप'ला देऊन सगळी नक्कल चाळली, तर साध्या मजकुराची फाइल तिच्या शेजारपाजारासह सापडते. लिब्रेऑफिसच्या किंवा वर्डच्या नव्या फाइली दाबून साठवलेल्या असल्याने अशा सापडत नाहीत, त्यांच्यासाठी फोटोरेकच. आणि शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर डिस्कवर इंग्रजी अक्षरांच्या संकेतांतच बसलेला असतो. तो शोधायचा तर 'महाराष्ट्र' हा शब्द त्या फाँटात कोणत्या कळांनी उमटायचा, हे आठवावं लागतं.

ईएक्सटी सोडून दुसरी फाइल सिस्टीम असेल तर पाचही फेऱ्यांचं हे ज्ञान बाजूला ठेवायचं. एक्सएफएसच्या नावाने असलेला एफएससीके काहीही न करता यशस्वी झाल्याचं कळवतो. खरं काम 'एक्सएफएस-रिपेअर' करतो. फेडोराने २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी स्वीकारलेली बीटीआरएफएस मजकुराचीही चेकसम ठेवते, त्यामुळे बिघडलेली फाइल वाचायला गेलं तर ती चूक दाखवते, मुकाट्याने भलतंच हाती देत नाही. पण तिची दुरुस्तीची आज्ञा जाणकाराने सांगितल्याशिवाय वापरू नका, असं ती आज्ञा स्वतःच बजावते आणि विचार बदलायला दहा सेकंद देते. तिथे आधी 'रिस्टोर' वापरून फाइली दुसरीकडे काढून घ्याव्यात.

फाइली हाती आल्यावर जुनी सिस्टीम चालू करण्याचा हट्ट धरू नये. डेबियन घराण्यात 'डेबसम्स' लावून कोणत्या पॅकेजच्या फाइली बिघडल्या ते शोधता येतं, तेवढी पुन्हा बसवताही येतात. पण लिनक्स नव्याने टाकायला अर्धा तास लागतो आणि 'होम' डिरेक्टरी तेवढीच काय ती आपली असते. नव्या डिस्कवर ताजी स्थापना, त्यावर वाचवलेलं 'होम'.

दोन बारीक कामं राहतात. घरच्या इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं बटण असेल तर ते त्या बाजूला आहे का पाहावं. साध्या मोडमध्ये वीज बदलताना जो खंड पडतो तो पंख्याला जाणवत नाही, संगणकाला जाणवतो. दुसरं, ईएक्सटी-४ ची दर ठरावीक माउंटनंतर होणारी तपासणी गेली बरीच वर्षं नव्या पार्टिशनांवर बंदच असते. 'ट्यून-टू-एफएस'ने ती दर तीस माउंटना लावता येते, आणि एसएसडीवर तिला सहसा मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

जुनी डिस्क लगेच भंगारात घालू नये. वाचवलेल्या फाइली एकेक उघडून पाहायला महिने जातात आणि डीडीरेस्क्यूचा नकाशा जपून ठेवला असेल तर राहिलेल्या सेक्टरांसाठी आणखी एक फेरी मारता येते. डिस्क द्यायची वेळ येईल तेव्हा मात्र 'श्रेड'ने पुसूनच द्यावी, किंवा लिहिणंच होत नसेल तर तबकड्या फोडून. आपल्याला जी वाचता आली नाही ती दुसऱ्याला वाचता येणार नाही, असं नसतं.